तिसऱ्या पानावर तुटणारा फॅक्स

घरच्या संगणकाला जोडलेल्या फॅक्स मोडेमवरून (संगणकातले पान सुरांत बदलून फोनवरून पाठवणाऱ्या उपकरणावरून) कागद पाठवताना पहिली दोन पाने सुरळीत जावीत आणि तिसरे पान मध्यावर असताना जोडणी तुटावी, हा दोष माझ्या कोथरूडच्या घरी आजवर दोनदा उद्भवला. पहिल्यांदा २०१७ च्या पावसाळ्यात आणि दुसऱ्यांदा २०२४ मध्ये. दोन्ही वेळा पडद्यावर उमटलेला संदेश अक्षरशः तोच होता. कारणे मात्र अगदी भिन्न निघाली. पहिल्या वेळी लागू पडलेला इलाज मी दुसऱ्या वेळीही डोळे मिटून केला आणि त्यात जवळजवळ तीन आठवडे वाया घालवले, म्हणून दोन्ही वेळची तपासणी येथे सविस्तर नोंदवत आहे.

आजच्या काळात फॅक्स कोण वापरते, हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. मी जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा अनुवाद करते आणि जपानमधील लहान कारखान्यांत फॅक्स अजून रोजच्या वापरात आहे. २०२१ मध्ये तेथील मंत्री तारो कोनो यांनी सरकारी खात्यांतून फॅक्स हद्दपार करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा खात्यांकडूनच शेकडो हरकती आल्या होत्या. नागोयाचे माझे एक वृद्ध ग्राहक तर दोन ओळींच्या मधल्या जागेत पेन्सिलीने दुरुस्त्या लिहितात आणि तोच कागद फॅक्सने पाठवतात. त्यांचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असल्यामुळे माझे उत्तर सकाळी साडेआठच्या आत रवाना व्हावे लागते, कारण तेथे बारा वाजले की ते जेवायला उठतात. स्वतंत्र फॅक्स यंत्राऐवजी मोडेम वापरण्याचे कारण एवढेच की मजकूर संगणकातून थेट जातो, स्कॅनरच्या काचेवरची धूळ त्यात उतरत नाही आणि आलेला कागद पडद्यावर मोठा करून वाचता येतो.

तपासणीची सुरुवात कानांनी करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. बहुतेक मोडेमचा आवाज आपण त्रास नको म्हणून बंद करून ठेवतो. फॅक्स सॉफ्टवेअरमध्ये मोडेमच्या प्रारंभिक आज्ञांसाठी जी चौकट असते तीत ‘एटीएम२’ लिहिले की स्पीकर संपूर्ण कॉलभर चालू राहतो. (हे वाचताना पैसे काढण्याचे यंत्र आठवते, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) मग काय काय ऐकू येते ते पाहा. नंबर फिरल्यावर आपला मोडेम दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा बारीक ‘पीप’ देत राहतो. पलीकडचे यंत्र उचलले गेले की ते २१०० हर्ट्झचा एक लांब, सलग सूर लावते. त्यानंतर ३०० बिट प्रतिसेकंद अशा अत्यंत सावकाश गतीने दोन्ही यंत्रे एकमेकांची ओळख करून घेतात. हा आवाज घशात गुळणी धरल्यासारखा असतो. मग खरखरीत सूर लागतो, ज्यात दीड सेकंदाची चाचणी दडलेली असते, आणि ती उत्तीर्ण झाली की त्याच खरखरीच्या आवाजात पान जाऊ लागते. प्रत्येक पानाच्या शेवटी पुन्हा ती गुळणी ऐकू येते, कारण ‘पान मिळाले का’ आणि ‘मिळाले’ ही प्रश्नोत्तरे त्याच मंद गतीने होतात. कॉल यांपैकी नेमक्या कोणत्या आवाजावर तुटला हे एकदा कळले की अर्धे काम झाले.

कॉल मुळीच लागत नसेल तर कारणे साधी असतात. मोडेमच्या पाठीमागे एकसारखी दिसणारी दोन छिद्रे असतात, एक ‘लाइन’चे आणि एक ‘फोन’चे, भिंतीकडून येणारी तार पहिल्यात हवी. मोडेम ‘डायल टोन नाही’ म्हणत असेल आणि तुमच्या कानाला टोन स्पष्ट ऐकू येत असेल, तर देशाची निवड तपासा. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा असून त्यावर २५ हर्ट्झची थरथर असते, तर अमेरिकेतील टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन सुरांचा असतो. अमेरिकेवर ठेवलेला मोडेम कधी कधी आपला टोन ओळखतच नाही. विंडोजमध्ये डायलिंग रूल्सखाली देश भारत करावा, आणि तरीही तो हटून बसला तर ‘एटीएक्स३’ देऊन टोनची वाट न पाहता नंबर फिरवायला लावावे. परदेशी नंबरात शहराच्या कोडआधीचा शून्य गाळावा लागतो. नागोयाचा कोड जपानमध्ये ०५२ असला तरी आपण ००८१ नंतर ५२ असेच लावायचे. शिवाय परदेशी कॉल जोडायला वेळ लागतो आणि मोडेमचा धीर साधारण ५० ते ६० सेकंदांत संपतो, म्हणून ‘एटीएस७=९०’ करून तो वाढवावा.

आमचा दोष यांपैकी नव्हता, कारण दोन पाने तर जात होती. अशा वेळी पान कोठे तुटते याची नोंद हवी. पान पूर्ण जाऊन त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत कॉल तुटत असेल, तर पलीकडचे उत्तर आपल्यापर्यंत पोहोचत नाही किंवा उशिरा पोहोचते. मोडेम साधारण तीन सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो आणि तिसऱ्यांदाही उत्तर न आल्यास फोन ठेवतो. पानाच्या मध्येच कॉल तुटत असेल, तर लाइनमध्ये खरखर आहे, कोणी त्याच लाइनवरचा दुसरा, म्हणजे समांतर, फोन उचलला आहे, कॉल वेटिंगची टिकटिक आली आहे किंवा संगणक मोडेमला वेळेवर माहिती पुरवत नाही, यांपैकी एक धरून चालावे. २०१७ मध्ये मी सॉफ्टवेअरची जुनी लॉग फाइल, म्हणजे प्रत्येक कॉलची नोंदवही, उघडली तेव्हा लक्षात आले की ‘तिसऱ्या पानावर तुटतो’ ही माझीच समजूत होती. प्रत्यक्षात फॅक्स कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या, तर एकदा पाचव्या पानावर तुटला होता, आणि रात्री जोराचा पाऊस पडून गेलेल्या सकाळी तो हमखास तुटत होता. तक्रार मनात पक्की करण्याआधी लॉग वाचावी, हे मी तेव्हा शिकले आणि पुढे विसरलेही.

तोपर्यंत मी संगणकाच्या मागे लागले होते. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, मोडेम दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला (त्यामुळे त्याचा कॉम पोर्ट क्रमांक बदलला आणि सॉफ्टवेअरला मोडेमच सापडेना, हे वेगळेच), अँटिव्हायरसची तपासणी सकाळऐवजी रात्री ठेवली. संगणक खरोखर दोषी असतो अशा जागा दोनच. स्वस्त अंतर्गत मोडेममध्ये बहुतेक काम संगणकाच्या प्रोसेसरकडूनच करून घेतलेले असते, त्यामुळे संगणक दुसऱ्या कामात गुंतला की फॅक्सच्या मध्ये क्षणभर खंड पडतो. आणि फॅक्समध्ये एक क्षणाचा खंडही पुरतो. दुसरी जागा यूएसबी मोडेमची. वीज वाचवण्यासाठी विंडोज त्याला झोपवते, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती परवानगी काढून घ्यावी. क्लास २ (फॅक्स मोडेमला आज्ञा देण्याची एक पद्धत) वर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ४३ हा कोड दिसला तर संगणकाकडून माहिती कमी पडली असे समजावे, आणि ५२ दिसला तर पानाअखेरच्या प्रश्नाला तीनदा विचारूनही उत्तर आले नाही असे समजावे.

लाइनची परीक्षा यापेक्षा सोपी आहे आणि ती मी सर्वांत शेवटी केली. साधा फोन उचलून एक आकडा दाबावा. डायल टोन थांबतो आणि काही सेकंद शांतता मिळते. चांगल्या लाइनवर ही शांतता खरोखरची शांतता असते. आमच्या लाइनवर त्या सकाळी तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. माणसाच्या बोलण्यात ही तडतड लक्षातही येत नाही, कारण आपण वाक्याच्या संदर्भाने शब्द भरून काढतो. १४,४०० बिट प्रतिसेकंदाने धावणाऱ्या पानाला ती सोय नाही.

यानंतर बाहेरून आत किंवा आतून बाहेर, कोणत्याही एका क्रमाने, एकेक वस्तू सोडवत जावे. आम्ही सासूबाईंच्या खोलीतला समांतर फोन काढला, कॉलर आयडीची जुनी डबी काढली, ब्रॉडबँडचा स्प्लिटर काढून मोडेम सरळ भिंतीला लावला. तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड असेल तर घरातल्या प्रत्येक फोनला फिल्टर हवा, नाहीतर वरच्या पट्टीतील डेटाचा कचरा आवाजाच्या पट्टीत उतरतो. आमच्या आतल्या फोनला फिल्टर नव्हता हे या निमित्ताने उघड झाले. तडतड निम्म्याने कमी झाली, थांबली नाही. मग भिंतीवरचे रोझेट, म्हणजे फोनची तार जोडायची डबी, उघडले. आतले दोन्ही स्क्रू हिरवे पडले होते आणि तारेचे टोक बोट लावताच तुटून हातात आले. येथे एक सावधगिरी सांगायला हवी. निवांत लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतात, ते फारसे जाणवत नाहीत. परंतु तुम्ही तार धरलेली असताना कोणाचा फोन आला तर ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी बोटांतून जातो, आणि शिडीवरून खाली येण्यास तो झटका पुरेसा असतो. टोक नव्याने सोलून, घासून बसवल्यावर मल्टिमीटर ४८ च्या जवळ स्थिर दाखवू लागला, पण पावसाची सर आली की आकडा ४० च्या खाली हेलकावे खाऊ लागे.

याचा अर्थ पाणी घराबाहेर कोठेतरी मुरत होते. तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी लाइनमन आले. शेजारच्या सोसायटीच्या कुंपणावर बदामाच्या झाडाखाली आमची डीपी, म्हणजे घरोघरच्या फोनच्या तारा जोडणारी पेटी, आहे. तिचे झाकण खिळखिळे होऊन एका तारेने बांधलेले होते. त्यांनी ते उघडले तेव्हा आतून एक पाल पळाली. आमच्या पेअरवर, म्हणजे फोनच्या दोन तारांच्या जोडीवर, पाण्याचे थेंब मण्यांसारखे ओळीने बसले होते. त्यांनी कमरेचा टेस्ट फोन लावून क्षणभर ऐकले आणि म्हणाले, “ताई, तुमचा कॉम्प्युटर बरोबर आहे. पेअरच भिजलीय, पुसून दोन दिवस चालेल. कोरडी पेअर देतो.” त्यांनी मोकळी पेअर शोधली, जॉइंटमध्ये जेली भरली आणि आमच्या घराकडून येणाऱ्या ड्रॉप वायरला डीपीत शिरण्याआधी खाली एक झोल दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोलातून ठिबकून जावे. चाळीस मिनिटांचे काम होते. त्या पावसाळ्यात पुढे एकही फॅक्स तुटला नाही.

लाइनमन येण्याआधीच्या चार दिवसांत मी आणखी एक बदल केला होता, आणि तो मात्र पूर्ववत केला नाही. फॅक्समध्ये ईसीएम नावाची चूकदुरुस्तीची सोय असते. पानाचे लहान लहान तुकडे, म्हणजे फ्रेम, करून ते पाठवले जातात. एका खेपेत २५६ पर्यंत फ्रेम आणि प्रत्येक फ्रेम सामान्यतः २५६ बाइटची. जी फ्रेम बिघडली तीच पलीकडचे यंत्र पुन्हा मागवते. लाइन फारच खराब असेल तर ही मागणी संपतच नाही, कॉल लांबत जातो आणि अखेर तुटतो. सॉफ्टवेअरमधील ईसीएमसमोरची खूण काढून ते बंद केल्यावर तेच पान दोन-तीन काळ्या पट्ट्यांसह का होईना, पोहोचत होते. ग्राहकांनी पट्ट्यांबद्दल तक्रार केली नाही, आणि लाइन दुरुस्त झाल्यावर ती खूण पुन्हा लावायचे माझ्या डोक्यातून गेले.

सात वर्षांनी तोच दोष परतला. मधल्या काळात इमारतीतील तांब्याची तार जाऊन फायबर आले होते आणि दूरध्वनी आता फायबर जेथे संपते त्या भिंतीवरच्या ओएनटी पेटीतून निघत होता. मी सवयीने रोझेट उघडले, समांतर फोन काढले, शांततेची परीक्षा घेतली. शांतता निर्मळ होती, कारण भिजण्यासारखे तांबे आता पेटीपासून टेबलापर्यंत दोन मीटरच उरले होते. मग सर्वत्र सांगितला जाणारा उपाय केला. कमाल गती १४,४०० वरून ९,६०० वर आणली, या हिशेबाने की सावकाश जाणारे पान अधिक सुरक्षित जाईल. फॅक्स आणखी लवकर, दुसऱ्याच पानावर तुटू लागला.

हे पाहून मी प्रथम चिडले आणि मग लॉग काढून बसले. १४,४०० वर आमचे एक दाट पान साधारण शंभर सेकंद घेत होते, तर ९,६०० वर दीडपट. तिसऱ्या पानाचा मध्य आणि दुसऱ्या पानाचा उत्तरार्ध हे दोन्ही घड्याळात एकाच ठिकाणी येत होते: कॉल लागल्यापासून चार मिनिटे आणि वर काही सेकंद. रिकामी, कमी मजकुराची पाने पाठवून पाहिली, तर चार पाने निर्विघ्न गेली आणि पाचवे त्याच मिनिटाला अडकले. दोष पानांत नव्हता, वेळेत होता.

फायबरवरचा फोन आवाजाचे लहान लहान पुडके करून पाठवतो. पलीकडे ती पुडकी एका छोट्या साठ्यात थांबवून ओळीने वाजवली जातात, म्हणजे वाटेत एखादे उशिरा आले तरी बोलणे तुटत नाही. परंतु दोन टोकांची घड्याळे एकमेकांशी तंतोतंत जुळत नसतील तर हा साठा हळूहळू रिता होतो किंवा भरून वाहू लागतो, आणि ठराविक वेळाने एक पुडके गाळावे किंवा नवे घुसवावे लागते. बोलणाऱ्याला हे कळतही नाही. फॅक्सचा सूर मात्र तेथे निखळतो आणि ईसीएम नसेल तर त्यापुढचे पान म्हणजे नुसती काळी-पांढरी भुकटी. पलीकडेही स्थिती वेगळी नव्हती, कारण जपानमधील स्थिर दूरध्वनीचे जाळेही जानेवारी २०२४ पासून आयपीवर नेण्यास सुरुवात झाली होती.

अशा लाइनवर विचारावयाच्या गोष्टी दोन. दूरध्वनी सेवेत टी.३८ ही फॅक्ससाठीची पद्धत उपलब्ध असल्यास ती आपल्या जोडणीवर चालू करून घ्यावी. ती मूळ सुराऐवजी फॅक्सची माहितीच वाहून नेते. ती नसेल किंवा आंतरराष्ट्रीय टप्प्यावर टिकत नसेल, तर आवाज जी.७११ या न दाबणाऱ्या पद्धतीनेच जातो आहे याची खात्री करून घ्यावी, कारण आवाज दाबून पाठवणाऱ्या पद्धतींत फॅक्सचा सूर तग धरत नाही. घरी आलेल्या तंत्रज्ञाने हे पेटीच्या सेटिंगमध्ये दहा मिनिटांत केले. पहिल्यांदा त्यांनी ‘फॅक्स म्हणजे प्रिंटर ना?’ असे विचारले होते, पण सेटिंग मात्र बरोबर केले.

राहिला ईसीएमचा प्रश्न. इंटरनेटवरून जाणाऱ्या फॅक्ससाठी ईसीएम बंद ठेवा, असा सल्ला बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो, आणि जेथे पुडकी सतत गळतात तेथे तो योग्यच आहे. आमच्याकडे खंड चार मिनिटांतून एकदा पडत होता. एवढ्या विरळ दोषाला पुन्हा मागवलेल्या काही फ्रेम सहज पुरतात, म्हणून मी २०१७ मध्ये काढलेली ती खूण परत लावली. दोन्ही प्रकारे पाच-पाच फॅक्स पाठवून पाहावेत आणि मग ठरवावे. विंडोजच्या अंगभूत फॅक्स सुविधेत ही निवड सहज समोर येत नाही, त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लागते.

कॉल लहान ठेवल्यानेही पुष्कळ साधते. जपानी कांजी चिन्हांच्या डोक्यावरील बारीक फुरिगाना (उच्चार दाखवणारी अक्षरे) साध्या प्रतीत वाचता येत नाहीत, म्हणून फाइन प्रत, म्हणजे उभ्या दिशेने इंचाला ९८ ऐवजी १९६ रेषा, मला सोडता येत नाही; परंतु पुस्तिकेतील करड्या छटांची छायाचित्रे काढून त्या जागी नुसत्या रेषाकृती ठेवल्या की पानाचा वेळ निम्म्यावर येतो. करडी छटा फॅक्समध्ये हजारो सुट्या ठिपक्यांची होते आणि सुटे ठिपके दाबून लहान करता येत नाहीत.

परवा सकाळी सव्वाआठला नागोयाला पाठवलेल्या तीन पानांची लॉग समोर आहे. गती ९,६००, ईसीएम चालू. चार मिनिटे सात सेकंद झाल्यावर पलीकडून अकरा फ्रेम पुन्हा मागवल्या गेल्या, त्या गेल्या, आणि पुढच्या ओळीत तिसऱ्या पानाची पोच आहे.